दूरस्थ ग्लुकोज निरीक्षण

दूरस्थ ग्लुकोज निरीक्षण ही मधुमेही व्यक्तीच्या शरीरातील साखर सतत मोजून ती दूर असलेल्या नातेवाइकांना किंवा डॉक्टरांना कळविणारी पद्धत आहे. साखर धोकादायक पातळीकडे जाऊ लागताच मोबाइलवर इशारा मिळतो. इन्सुलिन घेणाऱ्यांची, विशेषतः प्रकार १ मधुमेह असलेल्या मुलांची, साखर झोपेत फार कमी होण्याचा धोका असतो. घाम, थरथर ही लक्षणे जाणवून जाग येईलच असे नसते. वेळीच उपचार न झाल्यास झटके किंवा बेशुद्धी येऊ शकते.

कार्यपद्धती

त्वचेखाली बसविलेला बारीक संवेदक रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. त्यामुळे दिसणारा आकडा रक्तातील बदलाच्या काही मिनिटे मागे असतो; साखर झपाट्याने उतरत असताना हा फरक लहान नसतो. ही उणीव काही अंशी पूर्वानुमानाने भरून निघते. डेक्सकॉम जी६ हे यंत्र दर ५ मिनिटांनी नोंद घेते आणि २० मिनिटांत साखर ५५ मिग्रॅ/डेलिच्या खाली जाण्याची शक्यता दिसल्यास आधीच सूचना देते. ही नोंद मोबाइलमार्फत सर्व्हरवर व तेथून नातेवाइकांच्या मोबाइलवर पोहोचते.

इतिहास

अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेल्या मिनीमेडच्या यंत्रातील नोंदी डॉक्टर नंतर पाहत. तत्काळ इशाऱ्याची सोय त्यात नव्हती. २०१३ मध्ये जॉन कॉस्टिक या अमेरिकी अभियंत्याने घराबाहेर असलेल्या आपल्या लहान मुलाचे आकडे दुरून दिसावेत म्हणून यंत्रातील माहिती इंटरनेटवर पाठविणारी आज्ञावली लिहिली. त्यातूनच रुग्णांच्या पालकांनी चालविलेला ‘नाइटस्काउट’ हा मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. उत्पादकांची अधिकृत सोय मागाहून आली: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डेक्सकॉम शेअर या उपयोजनांना जानेवारी २०१५ मध्ये परवानगी दिली.

मर्यादा

संवेदकावर दाब देऊन झोपल्यास साखर खोटीच कमी दिसते. वारंवार वाजणाऱ्या इशाऱ्यांना कंटाळून काही जण ते बंद करतात आणि खरा इशाराही हुकतो. लक्षणे व आकडा जुळत नसल्यास बोटाच्या रक्ताची तपासणी करावी लागते.

सर्व्हरवरील अवलंबित्व हा वेगळाच धोका आहे. नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस डेक्सकॉमची सेवा बिघडल्याने अनेक पालकांना इशारे मिळाले नाहीत. रुग्णांजवळील उपकरणे मात्र त्या काळातही वाजत होती.