क्षितिज आणि काठ

१/ चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावरून समुद्र क्षितिजापाशी संपल्यासारखा भासतो. वस्तुतः तिथे नजर संपते. विश्वाच्या आरंभाचा आणि काठाचा वादही याच भेदाशी येऊन ठेपतो.

२/ फ्रेड हॉईल व कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर अनादि, स्थिर-स्थिती विश्वाचे पुरस्कर्ते होते. १९६५ साली पेन्झियस व विल्सन यांचा सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले.

३/ महास्फोट सिद्धान्तानुसार हे प्रारण विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असतानाचे. त्यापूर्वीचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. नारळीकरांनी १९९३ साली हॉईल व बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धान्त मांडला. तो सर्वमान्य झाला नाही.

४/ दृश्य विश्वाची त्रिज्या आज सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे मानतात. ती निरीक्षणाची सीमा आहे. विश्वाचा काठ म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येत नाही.