तपासणी झाली, पुढे काय? शाळकरी मुलांच्या कानांचा शतकभराचा इतिहास (थ्रेड)

१/ वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्यातील, नांदुरा तालुक्यातील महामार्गावरचे गाव. अशा गावातील शाळेत एखादे मूल हाकेला ओ देत नाही, तेव्हा त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का सहज बसतो. त्याला नीट ऐकू येते का, हे पाहणे शाळेचे काम आहे, ही कल्पना भारतात केव्हा रुजली? आणि दोष सापडल्यावर पुढे काय घडत आले?

२/ आरंभ बडोद्यात झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९०९ मध्ये बडोदा शहरातील विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा प्रारंभ येथूनच मानला जातो. या दोन घटनांचा संबंध उघड आहे. सर्व थरांतील मुले एका छपराखाली येऊ लागली, तेव्हाच त्यांची एकत्र तपासणी शक्य झाली.

३/ मुंबईत १८८५ पासून कर्णबधिर मुलांसाठी स्वतंत्र शाळा होती. मात्र थोडे कमी ऐकणारे मूल साध्या शाळेतच बसे आणि कुणाच्या लक्षात येत नसे. कान वारंवार वाहिला, किंवा पडद्यामागे चिकट द्रव साचला, की ऐकणे मंदावते. दुसऱ्या प्रकारात तर बहुधा दुखतही नाही. त्यामुळे मूल तक्रार करत नाही. ते फक्त अभ्यासात मागे पडते.

४/ ऐकणे मोजायचे कसे? पूर्वी मुलाच्या मागे उभे राहून कुजबुजत किंवा घड्याळाची टिकटिक ऐकवत. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘वेस्टर्न इलेक्ट्रिक’ कंपनीचे ध्वनिमुद्रिकेवर चालणारे श्रवणमापक शाळांत आले. एका वेळी चाळीस मुले कानाला श्रवणिका लावून हळूहळू क्षीण होत जाणारे आकडे ऐकत आणि कागदावर लिहीत.

५/ भारतात हा वेग नव्हता. १९४६च्या भोर समितीला शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नसल्याचे आढळले. १९६० साली याच विषयासाठी रेणुका राय समिती नेमली गेली. पुढे १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. श्रवणतज्ज्ञ घडू लागले. परंतु ते प्रामुख्याने महानगरांत.

६/ १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवले की निरोगी कान स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी निर्माण करतो. त्यामुळे उत्तर देऊ न शकणाऱ्या तान्ह्या बाळाचीही श्रवणचाचणी शक्य झाली. याचे मोल मोठे आहे. जन्मजात बहिरेपणा सहाव्या वर्षी, शाळेत, उमगला तर भाषा शिकण्याचा ऐन काळ सरलेला असतो. शाळेतील तपासणी मुख्यतः नंतर उद्भवणारे आणि आधी निसटलेले दोष पकडते.

७/ २००६-०७ मध्ये केंद्राचा बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २५ जिल्ह्यांत सुरू झाला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाते, असे त्याचे स्वरूप आहे.

८/ पथकाला शंका आली की संदर्भ चिठ्ठी मिळते. खरी अडचण तेथून सुरू होते. वडनेर भोलजी घाटाखाली, तर जिल्ह्याचे ठिकाण घाटावर. मलकापूर, मोताळा करीत राजूर घाट चढून बुलढाणा गाठायचे, म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो. एवढे करून एकाच फेरीत तज्ज्ञ, श्रवणचाचणी आणि उपचार हे सारे साधेलच असे नाही. मूल दुखते म्हणत नसेल, तर चिठ्ठी घरातच राहणे अगदी स्वाभाविक आहे.

९/ हीच अडचण अलास्काच्या बर्फाळ किनाऱ्यावरही होती. तेथे गावांना जोडणारे रस्तेच नाहीत. २०१७ ते २०१९ दरम्यान १५ वस्त्यांतील सुमारे १५०० मुलांवर अभ्यास झाला. काही गावांत दोष आढळलेल्या मुलांना नेहमीप्रमाणे दवाखान्यात जाण्याची सूचना मिळाली. इतर गावांत स्थानिक आरोग्यसेवकांनी कानाच्या पडद्याची छायाचित्रे व चाचण्या दूरच्या तज्ज्ञांकडे पाठवल्या. पहिल्या गटात जेमतेम एकतृतीयांश मुलांपर्यंत पुढील उपचार पोहोचले. दुसऱ्या गटात सुमारे दोनतृतीयांश मुलांपर्यंत.

१०/ भारतात २०१९ पासून ‘ई-संजीवनी’ आहे. गावच्या केंद्रातून तज्ज्ञाशी बोलता येते. परंतु नुसत्या बोलण्याने पडद्यामागचा द्रव दिसत नाही. त्यासाठी कानात पाहणारा छोटा कॅमेरा आणि तो वापरणारा प्रशिक्षित हात गावातच हवा. बडोद्यापासून पालघरपर्यंतच्या शतकाने मुलांमधील दोष शोधण्याची व्यवस्था उभारली. किती मुले तपासली, हा आकडा तिला सांगता येतो. किती मुलांना त्यानंतर ऐकू येऊ लागले, हाच तिच्या यशाचा खरा हिशेब आहे.