डोणागिरीच्या कड्यावर

पुणेकरांच्या परिचयाचे असे जे डोंगर आहेत, त्यांत सिंहगडाचा मान पहिला. हा परिचय इतका जुना व इतका सलगीचा आहे की, या गडाविषयी आणखी काही जाणून घ्यावयाचे उरले आहे, ही शंकाच सहसा कोणास शिवत नाही. रविवारी सकाळी माणसांची रीघ वर जाते. पिठले-भाकरी खाऊन, मडक्यातले दही चाखून, देवटाक्याचे पाणी पिऊन आणि तानाजीच्या स्मारकापुढे हात जोडून ती दुपारी खाली येते. यात गैर काहीच नाही. ज्या काळी शहरातल्या माणसास पायी चालण्याचे प्रयोजनच उरलेले नाही, त्या काळी एवढे जरी घडले तरी पुष्कळ झाले. परंतु ज्या एका रात्रीसाठी आपण हात जोडतो, तिची हकीकत आपण मुलांना सांगतो तशीच घडली काय, हा प्रश्न केव्हातरी विचारला पाहिजे. आणि तो विचारावयास वाचनालयापेक्षा प्रत्यक्ष गडच अधिक सोयीचा आहे.

त्यासाठी दिवस मात्र कार्तिक वद्यातला निवडावा. पावसाळ्यात ढग गडावरच मुक्काम करतात व दहा पावलांपलीकडचे काही दिसत नाही; उन्हाळ्यात धुळीने क्षितिज मळलेले असते. शरद ऋतू सरत आला म्हणजे हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. खाली मावळातली भातखाचरे कापून मोकळी झालेली असतात आणि डोंगरउतारावरचे गवत हिरव्याचे पिवळे होऊन वाऱ्याबरोबर सळसळू लागते. मोटारीचा रस्ता सोडून आतकरवाडीच्या पायवाटेने निघावे. या वाटेवर गडाची उंची पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या छातीच्या भात्यावरून कळते.

ही चढण चढताना प्रथम आठवण व्हावी ती तानाजीची नव्हे, नागनायकाची. इ. स. १३२८ मध्ये दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने या किल्ल्यास वेढा घातला. गडाचे नाव तेव्हा कोंढाणा होते आणि तो नागनायक नावाच्या कोळी सरदाराच्या ताब्यात होता. इसामी नामक कवीने सुमारे १३५० साली पुऱ्या केलेल्या 'फुतूह-उस्-सलातीन' या फारसी काव्यात ही हकीकत आली आहे. आठ महिने गड लढला आणि मगच पडला. इसामी हा काही नागनायकाचा भाट नव्हे. सुलतानांच्या विजयांची गाथा रचणाऱ्या त्या कवीस हे आठ महिने लिहून ठेवावे लागले, यातच त्या झुंजीची साक्ष आहे. गडावर येणाऱ्या शंभरांतल्या एकास तरी हे नाव ठाऊक असेल किंवा नाही, मला शंका आहे.

मध्यंतरीची तीन शतके सोडून शिवकालात आलो, तरी गड एकदाच घेतला आणि एकदाच आला असे घडलेले नाही. १६४७ त तो महाराजांकडे आला; १६४९ त शहाजीराजांच्या सुटकेसाठी आदिलशाहीस परत द्यावा लागला; १६५६ त पुन्हा मिळाला आणि १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांबरोबर पुन्हा गेला. ४ फेब्रुवारी १६७० ची, म्हणजे माघ वद्य नवमीची, रात्र येते ती यानंतर.

त्या रात्रीमुळे गडास सिंहगड हे नाव पडले, असे आपण सर्वच लहानपणी शिकलो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने तर तिच्या नावातच ही समजूत कायम करून टाकली. परंतु ३ एप्रिल १६६३ च्या शिवाजीमहाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव स्पष्ट आले आहे. तानाजी पडण्याच्या जवळजवळ सात वर्षे आधी. हे एकदा वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी काहीशा रागाने म्हणाला, "मग सर, राहिले काय?" त्या रागाचा मला आदर वाटला. इतिहासाच्या तासाला निर्विकारपणे टिपणे उतरवून घेणाऱ्या मुलापेक्षा, आपले काही हिरावून घेतले जात आहे असे ज्यास वाटते तो इतिहासाच्या अधिक जवळ असतो. मात्र त्याच्या प्रश्नाचे उत्तर चार भिंतींत देण्याजोगे नव्हते.

ते उत्तर गडाच्या पश्चिमेस डोणागिरीच्या कड्यावर सापडते. लोक त्यास तानाजीचा कडा म्हणतात. काठाशी बेताने उभे राहून खाली पाहावे. काळा पाषाण सरळ उतरत गेलेला. कोठे कपारीत वाळक्या गवताचा झुपका, कोठे तोही नाही. कार्तिकात जे गवत पिवळे असते ते माघात पार वाळून कोळ झालेले असते. त्यावर पाय टाकला तर तो घसरतो आणि आवाज होतो तो वेगळाच. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, तोवर काळोख. त्या काळोखाच्या आश्रयाने चढावयाचे म्हणजे हाताला लागेल तो दगड पक्का की सुटा, हे हातानेच ओळखावयाचे.

घोरपड येते ती पोवाड्यात. सभासदाची बखर त्या मानाने कितीतरी जवळच्या काळातली, घटनेनंतर पंचवीस-सत्तावीस वर्षांतली. तीत घोरपड नाही. निवडक माणसे वानरांसारखी कडा चढून गेली, एवढेच सभासद सांगतो. शाहिराचा मला राग नाही. ज्या श्रोत्यांपुढे त्याला उभे राहावयाचे होते, त्यांस ती घोरपड हवीच होती. पण या काठावर उभे राहून विचार केला म्हणजे वाटते, घोरपडीने मावळ्यांचे ओझे उगाच हलके केले. दोर लावून देणारे जनावर वजा केले की बाकी राहतात ती बोटे, गुडघे आणि धैर्य. पुढे तानाजी व उदेभान दोघेही पडल्यावर सूर्याजीने बिथरलेली माणसे सावरली, हेही बखरीत आहे. आणि महाराजांच्या तोंडी जो उद्गार सभासदाने घातला आहे त्यात सिंह नाहीच. एका गडाच्या बदली दुसरा गड गमावला, असा त्याचा भाव आहे. तानाजीलाच त्यांनी गड म्हटले. किल्ल्यांच्या बळावर राज्य उभारणाऱ्या राजाने आपल्या माणसास याहून मोठी पदवी कोणती द्यावी? त्या विद्यार्थ्यास पुढे मी हेच सांगितले. त्याचे समाधान झाले की नाही, कळले नाही. पण नंतर तो दोनदा गडावर जाऊन आला, एवढे खरे.

कड्यावरून निघून दक्षिण टोकाच्या झुंजार बुरुजावर यावे. वाटेत कल्याण दरवाज्यावरचा नानासाहेब पेशव्यांच्या वेळचा, शके १६७२ चा लेख ज्यास वाचावयाचा असेल त्याने वाचावा. बुरुजावरून कार्तिकाच्या स्वच्छ हवेत समोर राजगड दिसतो, त्याच्या उजवीस तोरणा, आणि पूर्वेस लांबवर पुरंदर. गड हाती येताच मावळ्यांनी वरच्या पागेस आग लावली व तिचा उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे बखर म्हणते. सरळ रेषेत हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर भरते आणि मध्ये दृष्टीस अडविणारे काही नाही. एक सबंध पाग पेटली तर तिचा उजेड माघातल्या रात्री राजगडावर पोहोचलाच पाहिजे. बखरींवर विश्वास ठेवू नये असे आम्हांस कॉलेजात शिकविले गेले, आणि ते योग्यच होते. पण बखरीचे एखादे वाक्य असे डोळ्यांनी पडताळून पाहता येते, तेव्हा फार बरे वाटते.

तो उजेड राजगडावर दिसला, त्यानंतर वीस दिवसांनी, २४ फेब्रुवारी १६७० रोजी, त्याच राजगडावर राजारामाचा जन्म झाला. मोठेपणी जिंजीच्या वेढ्यात असताना त्यानेच कृष्णाजी अनंत सभासदास आपल्या पित्याचे चरित्र लिहावयास सांगितले. तानाजीच्या कड्याची ती हकीकत आपणांस मिळाली ती अशी. जिंजीहून निसटून तो महाराष्ट्रात परतला, आणि २ मार्च १७०० रोजी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, सिंहगडावर वारला. त्याची समाधी गडावरच आहे. पुणे दरवाज्याकडे परतणारी मंडळी उन्हे कलली म्हणून घाईत असतात, आणि तिच्यापाशी गर्दी अशी कधी नसते.