मीटर रूमचा इतिहास

गणपतीवर, पाण्याच्या टाकीवर, लिफ्टवर लेख आलेत; तुम्ही जुने सेक्रेटरी, तुम्ही सुरुवातीच्या दिवसांवर काहीतरी लिहा, असं स्मरणिका समितीने सांगितलं. मी मीटर रूमवर लिहायचं ठरवलं. पाच वर्षं तिची किल्ली माझ्याकडे होती. शिवाय तिथली एक गोष्ट माझ्या नावावर आहे, ती कधीतरी लिहून टाकायला हवीच होती.

आधी थोडं मागचं. मुंबई शहराला वीज देणारी कंपनी १९०५ साली निघाली, १९०७मध्ये विजेवरची ट्राम धावू लागली, आणि १९१५मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. आपल्या बाजूला तेव्हा गावठाणं, आंब्याच्या वाड्या आणि मिठागरं. उपनगरांसाठी वेगळी कंपनी आली ती १९२९मध्ये, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे ज्येष्ठ सभासदांच्या तोंडी अजून असलेली 'बीएसईएस'. पुढे १९५७मध्ये बोरिवली-मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेत आला, पण विजेच्या हद्दी काही पुसल्या नाहीत. माहीम-सायनच्या आत बेस्ट, आपल्याकडे बीएसईएस, मुलुंड-भांडुपला वीज मंडळ, म्हणजे आताची महावितरण. माझी बहीण मुलुंडला असते. घरपट्टी दोघांची एकाच पालिकेला, पण भाऊबीजेला विजेच्या बिलांवरून आमचा दरवर्षी वाद ठरलेला.

आपली संस्था १९९९ साली नोंदली गेली तेव्हापासूनची जिन्यातल्या दिव्यांची बिलं मी जपून ठेवली आहेत. आधी बीएसईएस, मग रिलायन्स एनर्जी, मग रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर, आणि ऑगस्ट २०१८पासून अदानी इलेक्ट्रिसिटी. मध्यंतरी, २००९नंतर, काही सभासद टाटांकडे गेले. तार तीच, बिल वेगळं. बिलावरचं नाव बदललं की आपल्याकडे चर्चा रंगायची. पण कंपनी कुठलीही असो, तिची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढची वायर आपली. त्या वायरचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, तो सगळा आपल्या वायरमन मामांच्या डोक्यात होता.

बिल्डरने दिलेलं वायरिंग नव्या लोकांना सांगूनही खरं वाटणार नाही. वन बीएचकेमध्ये पंधरा अँपियरचे पॉइंट दोनच, एक स्वयंपाकघरात, एक बाथरूममध्ये. एसीचा पॉइंट कुणी मागितलाच नव्हता. दाराशी मेन स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. त्यातली बारीक तार जास्त करंट आला की वितळायची आणि अख्खं घर अंधारात. मग आपण काय करायचो? जुन्या वायरीतले तांब्याचे चार-पाच पदर एकत्र पिळून बसवायचो, म्हणजे पुन्हा उडायला नको! मामांना ते दिसलं की त्यांचा पारा चढायचा. "फ्यूज उडतोय म्हणजे तो काम करतोय. तुम्ही त्यालाच बांधून ठेवलाय. आता फ्यूजच्या आधी भिंतीतली वायर वितळणार."

मामा मूळचे रत्नागिरीकडचे. स्टेशनजवळ त्यांचा एक गाळा होता, भिंतीवर विद्युत निरीक्षक खात्याचा परवाना फ्रेम करून लावलेला. असा परवाना नसलेल्याकडून वायरिंग करून घेऊ नये हे १९५६च्या विद्युत नियमांतच होतं, पण आपल्यापैकी किती जणांनी कुणाकडे तो मागितला? मीही नाही. ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी चहा विचारला, तर म्हणाले, आधी मेन स्विच कुठेय ते दाखवा. काय बिघडलंय ते नंतर, आधी घरात काय काय चालतं ते विचारायचे. गीझर दोन हजार वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपियर. त्याच वायरवर हजाराची इस्त्री लावलीत की झाले तेरा. हा हिशेब ते पेन्सिलने भिंतीवरच मांडायचे आणि बायकोचा ओरडा मी खायचो. दिव्यांना दीडची वायर, पॉवर पॉइंटला अडीचची, एसीला चारची. त्यात ते पाव सुद्धा कमी करायचे नाहीत, म्हणून महाग वाटायचे.

फेब्रुवारी २००५मध्ये त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. इमारतीची अर्थिंगची पट्टी गंजली होती, खड्डा नव्याने करायला हवा होता, त्याचं अंदाजपत्रक. मी तो समितीपुढे ठेवला. त्या वर्षी लिफ्टचं काम निघालं होतं. इतिवृत्तात माझ्या अक्षरात लिहिलंय, 'सदर विषय पुढील सभेत घ्यावा.' पुढची सभा व्हायच्या आत २६ जुलै आला. मीटर रूममध्ये कमरेइतकं पाणी. मामांनी आदल्या तासाभरातच मेन पाडून ठेवला होता, म्हणून निभावलं. नंतर शिल्लक होती ती रक्कम मीटर वर चढवण्यात गेली. ते करावंच लागणार होतं. अर्थिंग पुन्हा मागे पडलं, आणि मीही विषय काढला नाही. दिवे लागत होते, पंखे फिरत होते. अर्थिंग नसल्याचं कुणाला दिसत नाही.

जून २००७. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ओल्या हाताने वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होत्या आणि त्यांचा हात तिथेच चिकटला. दहावीतला मुलगा धावत आला. त्याने आईला हात लावला नाही, थेट दारापाशी जाऊन मेन पाडला. गणपतीच्या रोषणाईच्या वेळी मामा पोरांना दरवर्षी दम द्यायचे, "कुणाला करंट लागला तर माणसाला शिवायचं नाही, आधी मेन बंद." ते त्याला आठवलं. वहिनींचा तळवा भाजला, दोन रात्री हॉस्पिटलात काढाव्या लागल्या.

मामांनी मशीन उघडलं. आतल्या मोटरचं इन्सुलेशन गेलं होतं आणि फेज बाहेरच्या पत्र्याला लागली होती. अर्थिंग धड असतं तर तो करंट अर्थच्या वायरने जमिनीत गेला असता, आणि इतक्या जोराने की फ्यूज तिथल्या तिथे उडाला असता. प्लगला तिसरी पिन होती, भिंतीत हिरवी वायरही होती, पण ती खाली गंजून तुटलेल्या पट्टीपाशी संपत होती. मग करंटला वाट मिळाली ती वहिनींच्या अंगातून ओल्या फरशीत. माणसाच्या अंगातून जाणारा करंट अँपियरचा एक लहानसा अंश असतो. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, जीव मात्र तेवढ्याने जातो.

पंधरा दिवसांत विशेष सभा झाली आणि एका मिनिटात ठराव मंजूर. कंपाउंडच्या कडेला खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. दारातले किटकॅट गेले, एमसीबी आल्या, आणि प्रत्येक घरात आरसीसीबी. ती जाणारा आणि परत येणारा करंट ताडून पाहते. तीस मिलिअँपियरचा फरक पडला की क्षणात बंद होते. सुरुवातीला चार-पाच घरांत सारखी पडायची, तेव्हा "ही कटकट काढून टाका" म्हणणारे सभासदही होतेच. तपासलं तर त्या घरांत कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून ठेवले होते.

फेब्रुवारीतल्या त्या कागदाबद्दल मी वहिनींना कधी बोललो नव्हतो. हा लेख समितीला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तेव्हाच का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामा आता गावी असतात. त्यांचा भाचा येतो, त्याच्याकडे क्लॅम्प मीटर आहे, त्यामुळे भिंती स्वच्छ राहतात. पार्किंगमध्ये गाड्यांच्या चार्जिंगचे पॉइंट हवेत असे तीन अर्ज आलेत, त्यासाठी मंजूर लोड पुरेल का ते तो मोजतोय. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं असतं. यंदा पाळी बी विंगची आहे. झाकण कुंड्यांच्या मागे आहे, तिथे सायकली लावू नयेत.