शेरेबुक ते क्रमवारी : वाशीमच्या शाळेचा हिशेब कोणाला?

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात जनरल रजिस्टरच्या शेजारी एक वही असते. तिचे नाव शेरेबुक. तपासणीला आलेले साहेब जाताना तिच्यात चार ओळी लिहितात आणि सही करतात. पट इतका, हजर इतके, वाचन बरे, गणित कच्चे. शाळांचे मूल्यमापन संगणकाबरोबर आले असा समज असेल, तर तो या वहीने दूर व्हावा. शाळेने हिशेब कोणाला द्यायचा, आणि त्या हिशेबावर काय अवलंबून ठेवायचे, हे दोन्ही प्रश्न दीडशे वर्षांचे आहेत. वाशीमसारख्या जिल्ह्यात ते आजही सुटलेले नाहीत.

निकालावर अनुदान

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढच्याच वर्षी वुडचा खलिता निघाला आणि शिक्षण खाते, तपासणी अधिकारी व खाजगी शाळांना अनुदान ही तिन्ही अंगे हिंदुस्थानात रूढ होऊ लागली. अनुदान द्यायचे तर कशावर? विलायतेत रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये याचे रोखठोक उत्तर दिले होते. वाचन, लेखन, गणित यांची परीक्षा तपासनीस घेणार आणि नापास मुलामागे, विषयागणिक, शाळेचे पैसे कापले जाणार. स्वतः शाळा तपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सतत टीका केली. तपासणीच्या दिवसासाठी मुलांकडून ठराविक पुस्तक घोटून घेतले जाते आणि शिकवण्यातला जीव जातो, असा त्यांचा आक्षेप होता.

तरीही ही पद्धत मुंबई व मद्रास इलाख्यांत आली. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने ती कॉलेजांसाठी नाकारली, पण प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी सर्वसाधारण नियम म्हणून मान्य केली. त्या शिफारशीला जोडलेला अपवाद मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मागास जिल्ह्यांतल्या किंवा विशेष परिस्थितीतल्या शाळांना निकालाची ही फूटपट्टी लावू नये, त्यांना वेगळ्या नियमांनी मदत द्यावी, असे आयोगाने म्हटले होते. ज्याच्याकडे मुळातच कमी आहे त्याला निकालावर तोलले, तर उरलेलेही जाईल, एवढे त्या सरकारी आयोगालाही उमगले होते. वाशीम तेव्हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला.

फुल्यांची मागणी

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी तपासणीविषयी जे मांडले, त्याकडे मात्र कमी लक्ष जाते. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन गेल्याने शाळेचे काही भले होत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाला किमान बारा रुपये पगार मागितला.

म्हणजे फुले तपासणीच्या विरोधात नव्हते. त्यांना ती अधिक हवी होती. शेतकऱ्याने भरलेल्या लोकल फंडातून शाळा चालते, तेव्हा तिचा हिशेब शेतकऱ्याच्या मुलाच्या बाजूने घेतला जावा, ही त्यामागची दृष्टी होती. शिक्षकाला पोटापुरते द्या आणि मग कामाचा जाब विचारा, हा क्रम त्यांनी पाळला. पुढच्या अनेक योजनांना तो जमला नाही.

विलायतेत शतक संपण्याआधीच निकालावरचे अनुदान बंद पडले. इकडे कर्झनच्या काळातल्या १९०४ च्या शैक्षणिक ठरावानंतर ते मागे पडले. १९२९ च्या हार्टॉग समितीने मग वेगळाच आकडा पुढे ठेवला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोचली ती फक्त अठरा. निकाल लागतो तो परीक्षेला बसलेल्यांचा. वाटेत गळालेल्यांचा निकाल कोणी लावत नाही, हे त्या आकड्याने दाखवून दिले.

बोटाची शाई

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. पैशाची दोरी आता निकालाऐवजी पटाशी बांधली गेली. पटावर शिक्षकांची पदे ठरतात. अनुदान, पोषण आहार, गणवेश हेही पटावरच. परिणाम व्हायचा तोच झाला. नांदेड जिल्ह्यात बोगस पट उघडकीस आल्यावर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारासारखी मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. पटावर नाव आहे, पण मूल नाही, अशी संख्या लाखांच्या घरात निघाली. लो यांच्या काळात गुण फुगत होते, आपल्या काळात पट फुगला. ज्या आकड्याला पैसा बांधावा, तो आकडा खोटे बोलू लागतो.

आकांक्षित वाशीम

१ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित’ म्हटले. महाराष्ट्रातले चार : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. या क्रमवारीत शंभरपैकी तीस गुण शिक्षणाला आहेत. तिसरी, पाचवी, आठवीच्या मुलांची भाषा व गणितातली संपादणूक, प्राथमिकमधून पुढे जाणाऱ्यांचे प्रमाण, मुलींसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वीज, सत्राच्या सुरुवातीला पुस्तके, असे निकष. दर महिन्याची प्रगती मोजून जिल्ह्यांचा क्रम लागतो आणि चांगली प्रगती दाखवणाऱ्यांना जादा निधी मिळतो.

यात चांगले बरेच आहे. जिल्हा कुठे उभा आहे यापेक्षा तो किती पुढे सरकला हे पाहणे न्याय्यच आहे. स्वच्छतागृह आणि पाणी हे निकष शाळेइतकाच प्रशासनालाही जाब विचारतात. माहिती जिल्ह्यानेच भरायची असल्याने ती बाहेरच्या संस्थांकडून पडताळण्याची सोयही ठेवली गेली. तरी हंटर आयोगाने ज्या मागास जिल्ह्यांना निकालाच्या तराजूतून वगळायला सांगितले होते, तेच आज महिन्याच्या महिन्याला तोलले जात आहेत.

आणि तराजूत न मावणारे उरतेच. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाचे हे श्रद्धास्थान, आणि आसपासच्या मुलखात तांडेच तांडे. दिवाळी झाली की अनेक घरांना कुलूप लागते आणि माणसे ऊसतोडीला निघतात. शाळेच्या माहितीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशी मूल बाकावर असते, नोव्हेंबरात फडावर. पट खरा, हजेरीही त्या दिवसापुरती खरी, आणि तरी सांगितली गेलेली गोष्ट अपुरी.

पालकाला उत्तर

२०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात या जुन्या प्रश्नाचे एक साधे उत्तर आहे. शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगावी, असे कलम २४ म्हणते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, असे कलम २१ म्हणते. क्रमवारी दिल्लीला कळते, तशी ती तांड्यावरच्या आईला कळते का? तिला जिल्ह्याचा क्रमांक नको आहे. आपल्या मुलीला वजाबाकी येते की नाही, हे तिला हवे आहे.

स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक दिले जाते. मूल कुठवर शिकले हे त्यात नोंदलेले असते आणि जाईल त्या गावच्या शाळेत ते दाखवायचे असते. त्या कागदावर शाळेची श्रेणी नसते, जिल्ह्याचा क्रम नसतो, आणि त्याच्या आकड्याला कुणाचा पैसाही बांधलेला नसतो. तो मुलाबरोबर उसाच्या फडापर्यंत जातो आणि पुढच्या गुरुजींना एवढेच सांगतो : इथवर झाले आहे, इथून पुढे शिकवा.

शेरेबुकात साहेबांची सही दीडशे वर्षे पडते आहे. या पत्रकावर पुढच्या गावच्या गुरुजींची सही पडली की नाही, हे तपासायला कोणी जात असेल, तर फुल्यांना हवी होती ती तपासणी सुरू झाली म्हणायचे.