फावल्या वेळाची भाषा : धर्माबाद परिसराच्या निमित्ताने

रंजन आणि बोधन, विरंगुळा आणि व्यासंग अशी द्वंद्वे मराठी समीक्षेने दीर्घकाळ वापरली आहेत. वाचनालयातून आणलेली कादंबरी किंवा रात्र जागून पाहिलेले नाटक ही फावल्या वेळाची बाब, म्हणून ती वाङ्मयेतिहासाच्या परिघावरची, असे या मांडणीत गृहीत असते. पुण्या-मुंबईच्या अनुभवातून सिद्ध झालेले हे गृहीतक गोदावरीकाठच्या धर्माबादला लावून पाहिले, की त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात.

निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले. तेलुगू मुलखाला लागून असलेल्या धर्माबादेत मराठी घरात आणि बाजारात नांदत होती. पण तिच्या लिखित व्यवहाराला अधिकृत वेळापत्रकात फारच थोडी जागा होती. ग्रंथांची मराठी त्यामुळे कामाच्या वेळेबाहेर ढकलली गेली. जिथे भाषाच फावल्या वेळात जगते, तिथे फावल्या वेळातील वाचनाला केवळ विरंगुळा कसे म्हणावे?

हा अनुभव एकट्या मराठीचा नव्हता. १९०१ मध्ये हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् स्थापन झाले. त्याच वर्षी परभणीत गणेश वाचनालय सुरू झाले. दोन भाषिक समाजांनी एकाच राजवटीत एकच संस्थारूप निवडले, यामागची सामाजिक गरज समान होती. पुढे १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ने जाहीर सभांना पूर्वपरवानगीचे बंधन घातले. अशा वातावरणात वाचनालय, मेळा, हौशी नाटक यांना सार्वजनिक जीवनाचा भार वाहावा लागला. एकत्र बसून वाचणे आणि पाहणे हीच समाज म्हणून एकत्र येण्याची रीत ठरली.

तथापि, हा फावला वेळ कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. वाचनालयाची संध्याकाळ प्रामुख्याने वकील, शिक्षक, व्यापारी यांची होती. शेतमजुराची सवड सुगीनंतरची. ती जत्रेत, तमाशात, भारुडात जाई. स्त्रियांच्या वाट्याला येई ते कीर्तन-पुराणाचे श्रवण. लिखित पुराव्यावर विसंबणारा इतिहास या श्रोत्यांना आपोआप वगळतो. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ आले, तेव्हा नाटक हे विरंगुळ्यापेक्षा वेगळ्या हक्काचे साधन होऊ शकते, हे दिसून आले.

सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटले. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत धर्माबाद मराठी भाषकांकडे आले. जवळचे बासरचे सरस्वती मंदिर आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. ग्रंथालयांना १९५५ च्या हैदराबादच्या आणि नंतर १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याचा आधार मिळाला. मराठी कचेरीत आणि महाविद्यालयात पोहोचली, आणि मगच तिचे वाचन खऱ्या अर्थाने ‘फावल्या वेळाचे’ झाले. म्हणजे विरंगुळा ही साहित्याची उपजत कोटी नसून राज्यसंस्था आणि भाषा यांच्या बदलत्या संबंधांतून ती घडते.

मराठवाड्याचा वाङ्मयेतिहास लिहिताना म्हणूनच कर्ते आणि कृती यांची नोंद पुरेशी नाही. देवघेवीच्या वह्या, वर्गणीदारांच्या याद्या, नाट्यप्रयोगांची हस्तपत्रके हीही साधने मानावी लागतील. ती जीर्ण होत आहेत. त्यांचे जतन हे समीक्षेचेच काम आहे.