शाळा बांधताना गाव म्हणजे कोण?

गावात नवी शाळा बांधायचे ठरले की पहिला प्रश्न निघतो जागेचा आणि दुसरा पैशाचा. विचारायचे कुणाला, हा तिसरा प्रश्न सहसा इमारतीला कौले चढल्यावर निघतो. आपल्या सीमाभागाचा सुमारे एकशे सत्तर वर्षांचा शालेय इतिहास चाळला, तर सारे भांडण या तिसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरताना दिसते.

मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते सुरू झाले. बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे तेव्हा त्याच इलाख्यात होते. सरकारकडे पैसा थोडा होता. त्यामुळे गावाला शाळा हवी असेल, तर शाळेसाठी घर गावाने द्यावे आणि मास्तरांच्या पगाराचा काही वाटाही उचलावा, अशी योजना निघाली. देवळाच्या ओवरीत, चावडीत, एखाद्या सधन घराच्या सोप्यात वर्ग भरू लागले. पैसे गावाचे म्हणून शब्दही गावाचा. आज आपण ज्याला लोकसहभाग म्हणतो, त्याची ही सुरुवात.

पण गाव म्हणजे कोण? जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नेहमीची फी भरायला तो तयार होता. प्रवेश नाकारला गेला. प्रकरण वरपर्यंत पोचले आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारने धोरण जाहीर केले. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. पण जिथे लोकांची वर्गणी आहे आणि वर्गणीदारांचा विरोध आहे, तिथे अशा मुलांना प्रवेश द्यावा असा सरकारचा आग्रह नाही. जातीमुळे कुणाला वगळणाऱ्या शाळेची मदत थांबवण्याचा हक्क मात्र सरकारने राखून ठेवला. म्हणजे वर्गणीदाराचा हात थैलीपाशी थांबला नाही, तो दाराच्या कडीपर्यंत गेला. लोकवर्गणीतून शाळा उभी राहते हे खरे. त्याच वर्गणीच्या जोरावर एखादे मूल बाहेर राहते, हेही तितकेच खरे.

१८६३ पासून जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाऊ लागला आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणाकडे वळवण्यात आला. आता शाळेचा पैसा ऐपतदारांच्या वर्गणीपुरता राहिला नाही. नांगर धरणारा प्रत्येक जण न कळत देणगीदार झाला. कष्टकऱ्यांकडून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हाती आल्या. त्याच वर्षी सार्वजनिक पैशातील शाळा, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली ती आपल्या निपाणीत. गाव या शब्दाचा अर्थ रुंद करण्याचे काम असे आपल्या मातीवरही झाले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आणले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. त्याआधी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने हिशेब घालून दिला होता: शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. तेव्हापासून आपल्याकडे शाळेचा आराखडा केवळ चुना-विटांचा राहिला नाही. पटावरचा आकडा हीही एक भिंत झाली. ती खचली तर छप्पर कितीही पक्के असले तरी उपयोग नाही.

आज कायदा गावाला विचारतो. कर्नाटकात २००१ मध्ये शाळा सुधारणा समित्या, म्हणजे आपल्या तोंडची एसडीएमसी, आल्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची खोली, मैदान, अपंग मुलाला विनाअडथळा येता येईल अशी वाट, हे सारे कायद्यात लिहिलेले आहे.

मात्र कायद्याने विचारणे आणि खरोखर विचारणे यांत अंतर राहते. निपाणी भागात बिड्या वळणाऱ्या आईची मजुरी हजारी बिड्यांच्या हिशेबाने ठरते. बैठक सकाळी अकराला ठेवली, तर तिचे मत आपण आधीच वगळले. वेदगंगा-दूधगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्या म्हाताऱ्यांना पाणी कुठवर आले ते ठाऊक आहे. नव्या शाळेचे जोते किती उंच घ्यावे हे इंजिनिअरने त्यांनाही विचारावे, कारण पुरात माणसे आसऱ्याला शाळेतच येतात. अनेक गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत. तिथे बोअर, मैदान आणि कुंपण यांचा विचार दोन समित्यांनी एकत्र बसून केला, तर पैसा वाचतो आणि मुले एकत्र खेळतात. बैठकीची सूचना दोन्ही भाषांत फळ्यावर लागावी. ती वाचता येणे हाही हक्काचाच भाग आहे.

धारवाडच्या त्या मुलाचे नाव बहुतेकांना माहीत नाही. त्याच्याकडे फी होती, शिकण्याची इच्छा होती; फक्त तो कुणाच्या गावात मोजला गेला नव्हता. आपल्या गावात नव्या शाळेचा पाया खणला जाईल, तेव्हा नारळ फोडण्याआधी एकदा मोजून पाहावे. विचारायचे राहिलेले घर कुठले?